शेजाऱ्याची कुंडी

दिवाळीला गावी निघताना आपण तुळशीची कुंडी शेजारच्या काकूंकडे ठेवतो आणि ‘रोज तांब्याभरच पाणी हं!’ असे चारदा बजावतो. दोन शतकांपूर्वी विलायतेतल्या वनस्पतिप्रेमींना हीच काळजी. फक्त काकूंच्या जागी जहाजाचा कप्तान. गोडे पाणी खलाशांनाच मोजून मिळे, तिथे रोपांना कोण पुसतो? शिवाय समुद्राचे खारे तुषार. बहुतेक रोपे वाटेतच मरत.

1829 साली लंडनच्या डॉ. नाथॅनिअल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत पुरून बाटलीचे तोंड झाकले. उगवले मात्र नेचे नि गवत! मातीतली ओल वाफ होऊन काचेला लागे, थंड होऊन पुन्हा मातीत उतरे. 1833 मध्ये त्यांनी अशाच काचेच्या पेट्यांतून रोपे ऑस्ट्रेलियाकडे धाडली. ती जगली. पुढे चिनी चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली, तीही अशाच पेट्यांतून.

पण मला कौतुक वाटते ते कप्तान मॅलार्डचे. होबार्टहून लिहिलेल्या पत्रात त्याने प्रयोग साधल्याचे तर कळवलेच, पण दोन-तीन लहान नेचे सुकल्याचेही लपवले नाही. आणि आम्ही मास्तर! शेजाऱ्यांची शेवंती अतिपाण्याने कुजवली आणि ते परतण्यापूर्वी गुपचूप तशीच दुसरी आणून ठेवली. ती आता त्यांच्या अंगणात फुलली आहे.