माझ्या फोनमधले फाटे

‘ॲप’ हा शब्द एका अखंड अक्षराने लिहायला मराठीला २००८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवायचा आणि समोरच्याच्या पडद्यावर तो चंद्र नीट बसेल अशी आशा करायची. पुष्कळदा तो बसायचा नाही. ‘अ’च्या शेजारी एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ यायचं आणि चंद्र त्याच्या डोक्यावर लटकायचा. त्याच २००८मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं आणि पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. म्हणजे वस्तू आणि तिचं मराठी अक्षर एकाच वर्षी जन्माला आलं.

मी नवीन पनवेलला राहते. रोज हार्बर लाइनने जाते-येते. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर लागतो आणि तो बहुतेक फोनमध्येच जातो. त्या फोनमध्ये काही ॲप्स अशी आहेत की जी जाहिरात दाखवत नाहीत, खातं उघडायला सांगत नाहीत आणि ज्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. ‘फुकट आहेत ना?’ असं मैत्रिणी विचारतात. फुकट आहेत, पण तो मुद्दा नाही. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तिकडे या चळवळीला गेली चाळीस वर्षं खुलासे करावे लागतायत. मराठीला ती अडचण नाही. फुकट वस्तू देणारा ती उद्या परत घेऊ शकतो. मुक्त वस्तू एकदा दिली की त्याच्याही हातात राहत नाही.

हे नीट कळायला पनवेलकरांना पळस्पे फाटा आठवला तरी पुरे. तिथे मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून गोव्याचा रस्ता वेगळा होतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. मूळ वाट पसंत नसेल, किंवा वाट बांधणारा निघून गेला, तर तोच कोड घेऊन कुणीही नवा फाटा काढतं. एरवी ‘फाटे फोडू नकोस’ म्हणून आपण ओरडा खातो. माझ्या फोनमधली निम्मी ॲप्स मात्र फाटे फोडल्यामुळेच जिवंत आहेत. त्यांचा हा इतिहास.

आधी अक्षरं

ॲपच्याही आधी अक्षरं दिसावी लागतात. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मराठी संगणकावर होती, पण प्रत्येकाची वेगळी. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की नुसता काला दिसायचा. वर्तमानपत्राच्या साइटवर जायचं तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यायचा. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि हा घोळ मिटायला लागला. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. त्या क्रमांकाचं चित्र लागतं, म्हणजे फाँट. आणि काना, वेलांटी, रफार, जोडाक्षर यांची जुळणी करणारं यंत्र लागतं.

सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये यातलं काहीच नव्हतं. मराठी मजकूर म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग. तेव्हाची प्रसिद्ध युक्ती अशी होती: ऑपेरा मिनी उघडायचं, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायची सोय चालू करायची. मग सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि पान मराठीत दिसायचं. वाचता यायचं एवढंच. ते अक्षर नव्हतं, अक्षराचा फोटो होता.

चौकोन गेले ते मुक्त कामामुळे. जोडाक्षरं जुळवणाऱ्या यंत्राचं नाव हार्फबझ. नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाझ’ म्हणजे उघडं. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने आज वापरात असलेलं हार्फबझ घडवलं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत तेच चालतं. तुम्ही अँड्रॉइडवर हा लेख वाचत असाल तर ही वेलांटी त्यानेच जागेवर बसवली असणार.

फाँटची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ केला आणि विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वापरला. त्यांचाच दुसरा देवनागरी फाँट ‘रघू’. तो मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत झाला आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला गेला. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिची एक इमारत आमच्याच लाइनवर, खारघर स्टेशनसमोर आहे. हात एकाच माणसाचा, पण मंगलमध्ये काही खटकलं तर मायक्रोसॉफ्टची वाट पाहायची आणि रघूमध्ये खटकलं तर फाइल उघडून दुरुस्त करायची.

दुरुस्त करण्यासारखं मराठीत खूप असतं. ‘दर्या’त होडी चालते आणि ‘दऱ्या’ंत ट्रेकर उतरतात. हिंदीला ‘ऱ्य’ लागत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्याच्या लक्षातही हा फरक येत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणंही वेगळी. रेड हॅट कंपनीने २००४मध्ये ‘लोहित’ हे भारतीय भाषांचे फाँट मुक्त केले. पुढे त्यांची देखभाल कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून झाली. आधी लोहित हिंदी आणि लोहित मराठी वेगवेगळे होते. नंतर सगळ्यांचा मिळून एकच ‘लोहित देवनागरी’ झाला आणि भाषा मराठी असेल तर मराठी वळणं द्यायची अशी सोय त्यात ठेवली गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ याच परंपरेतले. पोस्टरवर, लग्नपत्रिकेवर किंवा रीलवर तुम्ही ते पाहिलेच असतील. तेही मुक्त आहेत.

की-बोर्ड

अक्षरं दिसली, आता ती लिहायची. अँड्रॉइडसोबत गूगलने एक साधा की-बोर्ड मुक्त परवान्याखाली दिला होता. केरळमध्ये २००२पासून मल्याळमसाठी झटणारी ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ ही स्वयंसेवकांची मंडळी आहे. त्यांनी तो कोड घेऊन ‘इंडिक की-बोर्ड’ काढला. त्यात वीसहून अधिक भाषा आहेत आणि मराठीही आहे. मल्याळम लिहिणाऱ्यांनी स्वतःची गरज भागवताना आपलीही भागवली.

माझा सध्याचा की-बोर्ड ‘हेलीबोर्ड’. गूगलच्या त्याच मूळ कोडवरून ‘ओपनबोर्ड’ निघाला. त्याचं काम थंडावल्यावर इतरांनी त्यावरून हेलीबोर्ड काढला. हा की-बोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही. की-बोर्ड ही फोनमधली सगळ्यात खाजगी जागा. पासवर्ड, भांडणं, पाठवायच्या आधी खोडलेले मेसेज, सगळं तिथून जातं. तिला बाहेर जायला दारच नसणं मला बरं वाटतं. उणीवही सांगते. बोट घसरवत शब्द लिहायची सवय असेल तर त्यासाठी लागणारी बंद फाइल बाहेरून आणून घालावी लागते.

नकाशा

ओपनस्ट्रीटमॅप इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झाला. तिथल्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे लोकांच्या पैशातून झालेले असूनही लोकांना विकत घ्यावे लागत. स्टीव्ह कोस्टने म्हटलं, आपणच चालू आणि काढू. त्या नकाशावर ‘मॅप्सविथमी’ नावाचं ॲप निघालं, पुढे त्याचं ‘मॅप्स.मी’ झालं. २०१४मध्ये ते रशियाच्या मेल.रू समूहाने घेतलं, २०१५मध्ये कोड मुक्त झाला आणि २०२०मध्ये ॲप पुन्हा विकलं गेलं. तेव्हा मूळ लेखकांनीच तो कोड उचलून ‘ऑरगॅनिक मॅप्स’ काढलं. २०२५मध्ये कारभारावरून मतभेद झाले आणि काही जणांनी त्यावरून ‘कोमॅप्स’ काढलं. फाट्याला फाटा. वापरणाऱ्याचं नुकसान काय झालं? काहीच नाही, कारण नकाशा सगळ्यांचा तोच आहे.

महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की रेंज लागत नाही. ठाकूरवाडीहून कलावंतिणीला चढताना किंवा कर्नाळ्याच्या जंगलात हे उपयोगी पडतंच. पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या शेजारी नवी मुंबई विमानतळ झाला. त्यासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं उठवली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली ही त्यांतली काही. गाव उठलं की नकाशावरून नाव जाणारच. पण ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेल्या प्रत्येक रेषेच्या जुन्या आवृत्त्या शिल्लक राहतात. कुणी, कधी, काय काढलं आणि काय पुसलं, हे कुणालाही पाहता येतं. कंपनीच्या नकाशावर कालचा नकाशा बघायचा हक्क आपल्याला नसतो, कंपनी दाखवेल तेवढंच. शिवाय इथे ठिकाणाचं मराठी नाव वेगळ्या रकान्यात भरता येतं. कुणी भरलं असेल तर ॲप ते देवनागरीत दाखवतं.

विकलं गेलेलं घर

फाट्याचं आणखी एक उदाहरण माझ्या फोटोंच्या गॅलरीचं. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ नावाचा ॲप्सचा एक संच होता. गॅलरी, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, फाइल मॅनेजर. नावाप्रमाणे साधी, शांत ॲप्स. २०२३च्या अखेरीस त्याच्या मालकाने हा संच झिपोॲप्स या कंपनीला विकला. त्या कोडमध्ये अनेकांचे कष्ट होते आणि वापरणारे तर हादरलेच. बंद ॲप असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण कोड जीपीएलखाली होता. या परवान्याचा गाभा असा की एकदा दिलेला हक्क देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. नाव विकता येतं, दुकानातली जागा विकता येते, लोकांच्या हातात गेलेला कोड परत घेता येत नाही. त्याच प्रकल्पात काम केलेल्या नवीन सिंग यांनी ‘फॉसिफाय’ या नावाने फाटा काढला. माझी गॅलरी आणि कॅलेंडर आता फॉसिफायचं आहे.

कधी कधी फाटा पुन्हा हमरस्त्याला मिळतो. अँड्रॉइडच्या मूळ ईमेल ॲपवरून २००८मध्ये ‘के-नाइन मेल’ निघालं. २०२२मध्ये ते थंडरबर्डच्या छत्राखाली गेलं आणि २०२४मध्ये ‘थंडरबर्ड’ म्हणून अँड्रॉइडवर आलं.

दार कुणाच्या हातात

फेब्रुवारी २०२२पासून भारतात व्हीएलसीची वेबसाइट उघडेना. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांनी १९९६मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. वाटेल ती व्हिडिओ फाइल चालवणारं ते नारिंगी शंकूचं ॲप. साइट बंद असल्याचं कुणी जाहीर केलेलं नव्हतं. व्हिडिओलॅन संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. एक पत्ता बंद होता, पण कोडच्या प्रती जगभर पसरलेल्या होत्या. म्हणून त्या काळात व्हीएलसी आपल्याकडून हरवलं नाही.

आताचा प्रश्न याहून मोठा आहे. वर सांगितलेली बरीच ॲप्स ‘एफ-ड्रॉइड’वर मिळतात. २०१०मध्ये सुरू झालेलं हे मुक्त ॲप्सचं भांडार स्वतः कोडवरून ॲप बांधून देतं. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या प्रत्येक ॲपच्या विकसकाला आधी गूगलकडे ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, मग २०२७पासून इतर देश. कारण दिलं ते फसवणुकीचं, आणि ते खोटं नाही. बनावट ॲपमुळे पैसे गेलेले लोक आपल्या ओळखीत असतात. नंतर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असंही गूगलने सांगितलं. तरी एफ-ड्रॉइडने ठाम विरोध केला. त्यांची भीती सरळ आहे: फाटा काढायला आजवर कुणाची परवानगी लागत नव्हती. उद्या ज्याच्या रस्त्यावरून फाटा काढायचा, त्याच्याकडेच अर्ज करावा लागेल.

मराठीसारख्या भाषेला याची काळजी जास्त हवी. आपण संख्येने कोट्यवधी असलो तरी ‘ऱ्य’ तुटतो ही तक्रार कुठल्याही मोठ्या कंपनीच्या यादीत वर येत नाही. आजवर आपलं जे नीट झालं, त्यातलं बरंचसं कुणीतरी उघडी फाइल घेऊन स्वतः नीट केलं म्हणून झालं.

कोड लिहिता येत नसला तरी यात हात लावता येतो. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं छोटं मुक्त ॲप आहे. तुम्ही चालत असता तिथलेच प्रश्न ते विचारतं: या रस्त्याचं नाव काय? या वाटेवर दिवे आहेत का? या दुकानात व्हीलचेअर जाऊ शकते का? उत्तर दिलं की ते थेट ओपनस्ट्रीटमॅपवर जातं. स्टेशनहून घरी येताना मी रोज दोन-तीन उत्तरं देते. आमच्या सेक्टरमधले निम्मे प्रश्न अजून शिल्लक आहेत. तुमच्या गल्लीतले बहुधा सगळेच असतील.