ट्रंकेतली डांबरगोळी : शेवटचे ९६ तास

पुढचा घटनाक्रम कोणा एका घरातला नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे नवजात बाळाचं रक्त फुटल्याच्या नोंदी वैद्यकात सत्तरहून अधिक वर्षं होत आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम इथे एका बाळाच्या रूपाने मांडला आहे. बाळ मुलगा आहे, तीन किलोचा, दोन दिवसांचा. त्याच्या तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचं एन्झाइम फार कमी आहे. घरात कोणालाच याची कल्पना नाही.

मंगळवार, सकाळी ११. उरले ९६ तास.
बाळ-बाळंतीण घरी आली. आजीने माळ्यावरची ट्रंक उतरवली. थोरल्या नातवाची झबली, टोपडी, जुन्या नऊवारीची मऊ दुपटी. तीन वर्षं जपून ठेवलेली. घड्यांमध्ये पांढऱ्या गोळ्या. आजीने त्या वेचून बाजूला काढल्या, दुपटं झटकलं आणि बाळाला गुंडाळलं. धुवायला वेळ नव्हता, आणि कपडे तर धुऊनच ठेवलेले होते. वास येत होता, पण तो सगळ्यांना स्वच्छतेचाच वाटला.

गोळी नॅफ्थलीनची. ती हवेत उडत उडत संपते आणि जाता जाता कापडाच्या धाग्यात मुरते.

मंगळवार, दुपारी ३. उरले ९२ तास.
तेल लावून, अंघोळ घालून बाळ पुन्हा त्याच दुपट्यात. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या त्वचेतून ते अधिक सहज आत शिरतं. श्वासातून तर जातच असतं. यकृतात त्याचं नॅफ्थॉल होतं, पुढे क्विनोन. रक्ताला बाधतात ती ही रूपं.

मंगळवार, रात्री ११. उरले ८४ तास.
बाळ शांत झोपलंय. खरी घडामोड तांबड्या पेशीच्या आत चालू आहे.

ही पेशी प्राणवायू वाहते, म्हणून प्राणवायूच्याच उपद्रवी रूपांपासून तिला सतत स्वतःला वाचवावं लागतं. त्यासाठी तिच्याकडे ग्लुटाथायोन असतं. ते एकदा वापरलं की पुन्हा कामाला लावण्यासाठी एनएडीपीएच लागतं. शरीरातल्या इतर पेशी ते दोन-चार वाटांनी मिळवतात. तांबड्या पेशीकडे केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत. तिला एकच वाट आहे, आणि त्या वाटेवरचं पहिलं एन्झाइम म्हणजे जी६पीडी. या बाळात तीच वाट अरुंद आहे. एरवी तेवढ्यावर भागलं असतं. नॅफ्थॉलचा मारा सुरू झाला आणि साठा संपला.

बुधवार, संध्याकाळी ५. उरले ६६ तास.
आता हिमोग्लोबिनच बिघडू लागलं. त्याच्या गुठळ्या पेशीच्या आतल्या बाजूला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या ठिपक्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. पेशी ताठर होते. प्लीहेच्या चिंचोळ्या फटींतून तिला वाकून जाता येत नाही. तिथल्या भक्षक पेशी गुठळीसकट तुकडा तोडून घेतात. काही पेशी प्लीहेतच संपतात, काही वाहत्या रक्तातच फुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. बाळ दूध पितंय, पाहुणे येताहेत.

गुरुवार, सकाळी ९. उरले ५० तास.
चेहरा पिवळा. छातीही. "सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा," असा सल्ला मिळतो. या सल्ल्यात अर्धं सत्य आहे म्हणूनच तो घातक आहे. पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधी कावीळ येते आणि आपोआप जाते. ही कावीळ त्या काविळीच्या आड लपते.

हिशेब करून पाहू. तीन किलोच्या बाळात साधारण २५० मिलिलिटर रक्त. हिमोग्लोबिन १७ वरून १२ वर आलं, तर साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं. एका ग्रॅमपासून काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, सुमारे ३५ मिलिग्रॅम होतं; म्हणजे जवळपास ४४० मिलिग्रॅम. एवढ्या बाळात एरवी दिवसाला पंचवीस-तीस मिलिग्रॅम तयार होतं. पंधरा दिवसांचं ओझं दोन-तीन दिवसांत येऊन पडलं, आणि ते निचरून टाकणारं यकृताचं एन्झाइम या वयात जेमतेम जागं झालेलं असतं. कोवळं ऊन इथे पुरणार नाही.

गुरुवार, रात्री ११. उरले ३६ तास.
दुपट्यावर लघवीचा गडद, चहासारखा डाग. ओठ फिकट. पिवळेपणा पायांपर्यंत. बाळ फार झोपतं. घरात म्हणतात, गुणी आहे.

आत्ता दवाखाना गाठला तर बाळ पूर्ण वाचतं. निळ्या प्रकाशाखाली बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते यकृताच्या मदतीवाचून शरीराबाहेर जाऊ शकतं. तेवढ्याने भागलं नाही तर रक्तबदल : बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट, म्हणजे सुमारे अर्धा लिटर रक्त थोडं थोडं काढत आणि भरत जायचं. यात बाधलेल्या बहुतेक पेशी आणि बरंचसं बिलिरुबिन निघून जातं.

शुक्रवार, दुपारी ३. उरले २० तास.
बाळ छातीला लागत नाही. अंग सैल. तळहात-तळपाय पिवळे. बिलिरुबिन पंचविशीच्या घरात. रक्तातला अल्ब्युमिन त्याला धरून ठेवतो, पण त्याचीही मर्यादा आली. सुटं बिलिरुबिन मेंदूत उतरू लागलं. अजूनही वेळ गेलेली नाही. या टप्प्यावरचं नुकसान बऱ्याच अंशी मागे फिरवता येतं. घरात ठरतं, उद्या सकाळी दाखवू.

शनिवार, पहाटे ५. उरले ६ तास.
किंचाळल्यासारखं रडणं. ताप. मान मागे, पाठ कमानीसारखी ताणलेली.

शनिवार, सकाळी ११.
झटका, आणि श्वास थांबून थांबून चालू. बाळ जगलंच, तर मेंदूच्या तळातली हालचालींचा तोल सांभाळणारी केंद्रं आणि ऐकण्याची केंद्रं कायमची जळालेली असतात. हात-पाय आपोआप पिळवटत राहतात, ऐकू येत नाही, नजर वर वळत नाही. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत राहते. मुलाला सगळं कळतं, सांगता येत नाही.

नॅफ्थलीनमध्ये ठेवलेल्या दुपट्यांमुळे अशी आपत्ती ओढवल्याची नोंद अमेरिकेत १९५१ साली प्रसिद्ध झाली. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या व्हॅलेस, डॉक्सियाडिस आणि फेसास यांनी अशा २१ बाळांबद्दल लिहिलं. त्यांतल्या काहींमध्ये जी६पीडी पुरेसं होतं, तरी त्यांचंही रक्त फुटलं. म्हणून "आमच्याकडे कोणाला तसलं काही नाही" या भरवशावर राहता येत नाही.

आणि ही उणीव आपल्यापासून दूरही नाही. तिचा एक प्रकार १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडला आणि त्याला कल्याणचं नाव मिळालं. पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत ती आढळते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आई बहुधा ठणठणीत असते आणि त्रास मुलाला होतो. रक्ताची साधी चाचणी आहे, पण रक्त फुटत असताना केली तर फसवू शकते. कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी मेलेल्या असतात, नव्या कोवळ्या पेशींत ते जास्त असतं आणि निकाल ठीक येतो. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

घरात बाळ येणार असेल तर डांबरगोळ्या आजच घराबाहेर काढा. नुसत्या ट्रंकेतून नको, कपाटातून आणि बाथरूममधूनही. जुनी झबली-दुपटी बाळंतपणाच्या बऱ्याच आधी धुवा, कडक उन्हात वाळवा, वाऱ्यावर ठेवा, आणि जराही वास उरला तर ती बाळाला घालू नका. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ किंवा पिवळं होऊन दूध सोडणारं बाळ यासाठी सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना डांबरगोळ्यांचं न विसरता सांगा.