मनगटावरचा बिंदू कुठून आला?

१/ भारतातील पहिले अणुऊर्जा केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झाले. तेव्हा विशीत रात्रपाळी करणारे तरुण आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. पालघर-बोईसरच्या घरांत झोप न लागणाऱ्या आजोबांना ‘मनगट दाबून पाहा’ असा सल्ला मिळतो. या उपायाचा इतिहास काय?

२/ ‘ही तर आपली मर्मविद्या’ हे उत्तर लोकप्रिय आहे. पुराव्याला मात्र ते टिकत नाही. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत, ती जपण्याची स्थाने म्हणून. तेथे घाव बसला तर मृत्यू किंवा व्यंग ओढवते, असा तो विचार आहे.

३/ मनगटाचा बिंदू चिनी वैद्यकातला. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवरील लहानसा खळगा. नाव ‘शेनमेन’, अर्थात चित्ताचे द्वार.

४/ १९३८ साली काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच निवर्तले. वय अवघे ३२. ही विद्या त्यांनी आणली, हा समज चुकीचा. ते तेथे आधुनिक शल्यचिकित्सा करत होते.

५/ ती आणली त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याचा पाया घातला. त्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटाचा दाब दिला की ते अ‍ॅक्युप्रेशर.

६/ मग आपल्याकडे काहीच नव्हते का? होते, पण वेगळे. वाग्भटाचे अष्टांगहृदय नित्य अभ्यंग सांगते: तो वार्धक्य व श्रम दूर ठेवतो, सुखाची झोप देतो, डोके, कान व पाय यांना तेल विशेष लावावे. काशाच्या वाटीने तळपाय घासणारी आजी या परंपरेच्या जवळची आहे.

७/ उपयोग होतो का? तैवानमधील वृद्धाश्रमांत झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूंवर दाब मिळालेल्या वृद्धांची झोप तुलनेच्या गटांपेक्षा सुधारली. मात्र अशा चाचण्या बहुधा लहान असतात. म्हणून हा उपाय औषधांच्या जोडीला ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे.

८/ आजोबांचे मनगट जरूर दाबावे. त्यासाठी सुश्रुताला साक्षीला बोलावण्याची गरज नाही. श्रेय बसूंचे, ते त्यांना द्यावे.