फोटॉनच्या पोटात दोन कण?

मागच्या व्याख्यानात आपण प्रकाशाचं ध्रुवीकरण पाहिलं. आज त्याच ध्रुवीकरणावर आपटलेली एक कल्पना बघू. फसली खरी, पण फालतू नव्हती.

१९३० च्या दशकात लुई द ब्रॉग्ली या फ्रेंच शास्त्रज्ञाला फोटॉन एकसंध वाटेना. धातूवर प्रकाश पडून इलेक्ट्रॉन सुटतो तेव्हा फोटॉन आपली सगळी ऊर्जा देऊन नाहीसा होतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटले की असेच नाहीसे होतात. मग फोटॉनही जोडीच असेल तर? पाउलीने १९३० मध्ये सुचवलेला न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण यांची जोडी! दोघांचा स्पिन अर्धा-अर्धा, बेरीज एक. फोटॉनचा स्पिनही एकच. हिशेब इतका चोख जुळतो की मोह पडणारच. जर्मनीत पास्कुआल जॉर्डनने हीच कल्पना आपल्या पद्धतीने पुढे नेली.

पण नुसता स्पिन जुळवून भागत नाही. फोटॉनला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट सत्येंद्रनाथ बोस यांची. १९२४ साली ढाक्याहून त्यांनी आइनस्टाइनना जो निबंध पाठवला, त्यातली: एकाच अवस्थेत कितीही फोटॉन मावतात. न्यूट्रिनोचं उलट, तिथे एसटीच्या आरक्षित सीटसारखं, एका जागी एकच. दुसरी अट ध्रुवीकरणाची: प्रकाशाचं कंपन त्याच्या वाटेला काटकोनातच हवं, म्हणून ध्रुवीकरणाच्या अवस्था दोनच, डावी आणि उजवी फिरकी.

१९३८ मध्ये प्राइस या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की न्यूट्रिनोंच्या जोडीला या दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. काटकोनातलं ध्रुवीकरण सांभाळावं तर बोस यांचा नियम बिघडतो, नियम सांभाळावा तर ध्रुवीकरण हातचं जातं. या आक्षेपातून वाट काढायचे प्रयत्न पुढेही झाले, पण कल्पनेचा जोर ओसरला तो ओसरलाच. आम्हाला यात विशेष वाटतं ते हे, की ती प्रयोगाने नव्हे, कागदावरच्या गणिताने अडली. तोवर न्यूट्रिनो कुणी पकडलाही नव्हता. तो सापडला १९५६ मध्ये.

दुसरा धक्का मात्र प्रयोगशाळेतूनच आला. अमेरिकेतल्या ब्रूकहेवनमध्ये गोल्डहाबर, ग्रोडझिन्स आणि सुन्यार यांनी न्यूट्रिनोची फिरकी तपासली. निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूट्रिनो डावखुरा निघाला. प्रतिकण उजवा. आता बघा, एकाच दिशेने निघालेल्या अशा जोडीत उणे अर्धा अधिक अर्धा, म्हणजे शून्य! फोटॉनला तर अधिक एक किंवा उणे एक हवा.

आणि ही डावी फिरकी त्यांनी ओळखली कशी? न्यूट्रिनोला हात लावणं शक्यच नव्हतं. युरोपियमच्या अणुकेंद्रातून न्यूट्रिनो सुटला की मागोमाग एक गॅमा किरण निघतो. योग्य दिशेचे गॅमा किरण निवडून, चुंबकित लोखंडातून सोडून, त्यांनी त्या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. गॅमा किरण म्हणजे फोटॉनच.