सफरचंद सोलणे व गाभा काढणे

सफरचंदाची साल सुरीने किंवा पीलरने उतरवून मधला बियांचा चिवट भाग वेगळा करण्याची हातक्रिया. जॅम, मुरंबा, ॲपल पाय, सुकवलेल्या फोडी, तसेच लहान बाळासाठी किंवा आजाऱ्यासाठी वाफवलेला गर करण्यापूर्वी ती करावी लागते. फळ नुसते खायचे असेल तर स्वच्छ धुऊन सालीसकट खाणेच हिताचे. सुमारे १८० ग्रॅमच्या सफरचंदात ४.४ ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ असतात. साल काढली की ते जवळजवळ निम्मे उरतात.

फळाची रचना : वनस्पतिशास्त्रात सफरचंद हे आभासी फळ मानतात. आपण खातो तो गर बहुतांशी फुलाच्या पुष्पासनापासून वाढलेला असतो. खरे फळ म्हणजे आतला गाभा. सफरचंद आडवे कापले की गाभ्याचे पाच कप्पे चांदणीसारखे दिसतात. प्रत्येक कप्प्यात साधारणपणे दोन बिया असतात. कप्प्यांचे पातळ, चिवट अस्तर शिजवूनही मऊ होत नाही, घासात टोचते. बियांत ॲमिग्डालीन असते आणि बी चावली वा वाटली गेली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. एखादी बी अख्खी गिळली गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. पण गर मिक्सरमधून काढायचा असेल तर बिया आधी वेचून काढाव्यात.

रीत : सुरी लहान, पातळ पात्याची आणि चांगली धार असलेली घ्यावी. देठाच्या खळग्यापाशी पाते सालीखाली सरकवावे, सुरीच्या हाताचा अंगठा फळावर टेकवावा आणि दुसऱ्या हाताने फळ पात्याकडे फिरवत न्यावे. पाते जवळजवळ जागेवरच राहते, फिरते ते फळ. हात बसला की साल न तुटता एका लांब पट्टीने उतरते. ती पट्टी उजेडासमोर धरून पाहावी : आतून पांढरा गर जाड दिसला तर फळ वाया गेले, उजेड आरपार आला तर साल नीट निघाली. सोललेल्या फळाचे चार भाग करून प्रत्येक भागातला गाभा तिरक्या कापाने काढतात. फळ अख्खे ठेवायचे असल्यास नळीच्या आकाराचे कोरणे देठाकडून आरपार दाबून, फिरवून बाहेर ओढतात. इंग्लंडमध्ये पूर्वी मेंढीच्या पायाच्या हाडापासून अशी कोरणी करत. दात नसलेली माणसे त्यांनी गर खरवडून खात.

काळे पडणे : कापल्यावर पेशी फुटतात आणि त्यांतील पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ या विकराचा फिनॉल संयुगांशी व हवेतील ऑक्सिजनशी संबंध येऊन फोडी तपकिरी होतात. लिंबू पिळलेल्या पाण्यात फोडी टाकल्यास आम्लामुळे विकर मंदावते आणि क जीवनसत्त्वामुळे रंग टिकतो. किंचित मिठाचे पाणीही चालते. म्हणून सोलण्याआधीच पाण्याचे भांडे शेजारी ठेवावे.

यंत्र आणि विळी : अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मोझेस कोट्स यांनी १८०३ मध्ये सफरचंद सोलण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्या शतकात अशी अनेक यंत्रे निघाली. काट्यात खोचलेले फळ हँडलने फिरते आणि पाते त्याच्या गोलाईला टेकून राहते. शरद ऋतूत शेजारीपाजारी रात्री एकत्र जमून हिवाळ्याच्या बेगमीची सफरचंदे सोलत, फोडी दोऱ्यात ओवून सुकवत. अखंड उतरलेली साल तरुण मुली खांद्यावरून मागे टाकत आणि तिच्या वळणात होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर शोधत. यंत्रामागचे तत्त्व मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. विळीचे पातेही स्थिर असते. बटाटा किंवा दुधी सोलताना हात भाजीच फिरवतात.

साल व गाभ्याचा उपयोग : दोन्हींत पेक्टिन भरपूर असते. बिया काढून उरलेला भाग सालींसह पाण्यात मंद आचेवर उकळावा आणि फडक्यातून न पिळता गाळावा. हा चिकटसर अर्क स्ट्रॉबेरीसारख्या कमी पेक्टिनच्या फळांच्या जॅममध्ये घातला की जॅम चांगला जमतो.