८२ किलोमीटर उंचीवरचे ढग आणि पुण्याचा हिरवा किरण

नायगाव साधारण १९ उत्तर अक्षांशावर येतं. तिथल्या मिठागरांच्या बांधावरून उभी रात्र आकाश न्याहाळलं तरी ध्रुवांकडचे रात्री चमकणारे ढग दिसायचे नाहीत. त्यासाठी पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास किंवा त्याहून उत्तरेला जावं लागतं. मात्र उंचावरच्या गोष्टी जमिनीवरून मोजण्याची विद्या महाराष्ट्रात चांगली रुजली.

१८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि युरोपात संध्याकाळी रंगीत आकाश बघण्याचं वेडच लागलं. १८८५ च्या जूनमध्ये सूर्य मावळून बराच वेळ झाल्यावरही चांदीसारखे उजळलेले ढग लोकांच्या नजरेस पडले. बर्लिनच्या ओटो येस्से यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी त्यांचे फोटो काढले, कोन जुळवले आणि उंची काढली: सुमारे ८२ किलोमीटर. आजच्या मोजणीतही हा आकडा टिकून आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांनी साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे.

हे ढग म्हणजे बर्फाचे अतिसूक्ष्म कण. ते उन्हाळ्यातच बनतात, कारण ध्रुवांवर त्या उंचीवरची हवा उन्हाळ्यातच सर्वांत गार होते, शून्याखाली १२० अंशांच्याही खाली. लागणारी वाफ काही अंशी मिथेनपासून येते, आणि मिथेन भातखाचरांतून, गुरांकडून, कचऱ्याच्या ढिगांतून वर जातो.

या ढगांचा वेध घ्यायला नवं साधन मिळालं ते १९६० मध्ये, लेसर आला तेव्हा. १९६४ च्या उन्हाळ्यात फिओक्को आणि ग्रॅम्स या संशोधकांनी अलास्का आणि स्वीडनमधून आकाशात लेसर सोडून पाहिला. ढगांची निःसंशय नोंद मात्र १९८९ मध्ये नॉर्वेतल्या आंदोया बेटावर झाली. प्रकाशाचा स्पंद वर जातो, ढगावर आपटून परततो. ८५ किलोमीटर उंचीपर्यंतचा जाऊन-येऊन प्रवास ०.०००५७ सेकंदात होतो, आणि तेवढ्या वेळावरून उंची कळते.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून देवरा आणि अर्नेस्ट राज यांनी आर्गॉन लेसरचा हिरवा किरण वापरला. त्यात स्पंद नव्हते, किरण अखंड होता. मग वेळ मोजणार कशी? त्यांनी ग्राहक दुर्बीण किरणापासून काही अंतरावर ठेवली आणि कोन बदलत उंची काढली. येस्से यांचीच युक्ती! शोध मात्र ढगांचा नव्हता, शहरावरच्या धूलिकणांचा होता.

ध्रुवांशी आपलं थेट नातं गोव्यातून जुळलं. वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने २००८ मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडला ‘हिमाद्री’ केंद्र उघडलं. त्याच वस्तीत जर्मन संशोधकांचं लिडार, म्हणजे लेसरने उंची मोजणारं यंत्र, आहे. ते हिवाळ्यात १५ ते २५ किलोमीटर उंचीवरच्या वेगळ्या ढगांचा माग काढतं, कारण ओझोनचा नाश करणाऱ्या क्लोरिनला हेच ढग चेतवतात.