ताला आणि तालीम

अलीगढचे नाव निघाले की आपल्या घरांतून प्रथम आठवण होते ती सर सय्यद अहमद खान यांच्या संस्थेची. बाजारात विचारा, तेथे अलीगढ म्हणजे कुलूप. 'ताला आणि तालीम' अशीच त्या शहराची ओळख लोक सांगतात. या दोहोंचे नाते अलीगढच्याही फार पूर्वीचे आहे.

कोपनहेगनच्या डेव्हिड संग्रहालयात पितळेची एक पेटी जपून ठेवलेली आहे. हिजरी 597, म्हणजे इ.स. 1200-01 मध्ये ती घडविली गेली. तिच्या कुलपाला चार चकत्या आहेत. त्या ठरलेल्या खुणांवर जुळल्याखेरीज ते उघडत नाही. एका चकतीवर 16 खुणा धरल्या, तरी चार चकत्यांच्या 65,536 जुळण्या होतात. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार अवश्य करून पाहावा. कारागिराने आपले नाव कोरले आहे : मुहम्मद बिन हामिद अल-अस्तुरलाबी अल-इस्फहानी. अस्तुरलाब म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढण्याचे यंत्र. ते करणाऱ्यास भूमिती यावी लागे आणि पितळ कापण्यास हातही तयार लागे. पुढे 1206 मध्ये अल-जझरी याने दियारबकर येथे यंत्रांवरील आपला ग्रंथ पुरा केला. त्यातही अक्षरांच्या कुलपाची कृती आहे आणि लिहिणारा स्वतः यंत्रे घडविणारा होता.

आपल्या दारावरच्या लिव्हरच्या कुलपात चकत्या नसतात, पातळ पट्ट्या असतात. किल्लीच्या प्रत्येक दाताने आपली पट्टी नेमकी तेवढीच उचलावी लागते. केसभर कमी-जास्त झाले तरी खटका सरकत नाही. हे काम अलीगढचे कारागीर हातात कानस घेऊन, नजरेच्या अंदाजाने साधत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हा धंदा वाढला. त्याच काळात, 1875 साली, सर सय्यद यांनी तेथे शाळा काढली. 1877 मध्ये कॉलेजची कोनशिला बसली, 1920 मध्ये विद्यापीठ झाले.

एकाच गावात दोन्ही वाढले, पण कारखान्यातल्या कित्येक मुलांना शाळेचा दरवाजा दिसलाच नाही. पॉलिशच्या चाकापाशी धूळ खात आणि मुलामा देण्याच्या हौदापाशी तेजाबाची वाफ घेत ती मुले काम करीत. "पोरगा हुनर शिकतो आहे, शाळा कशाला?" असे आपल्याकडेही काही वडीलधारे म्हणतात. मला हे पटत नाही. दिवसभर चाकाला पितळ लावून धरणे हे हुनर नव्हे. इस्फहानच्या त्या उस्तादाला हिशेबही येत होता.

10 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालमजुरीवरील आपल्या निकालात देशातील नऊ उद्योगांची नावे घेतली. त्यांत अलीगढचा कुलपांचा धंदा होता. कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20,000 रुपये कल्याण निधीत भरावेत आणि मुलाला शाळेत घालावे, असा तो आदेश होता.